पाच वाजताचा फोटो

मला घर नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक उगाच हळहळतात. मेलबर्नमध्ये मी एकोणतीस वर्षं ट्राम चालवली, रूळ नेतील तिकडे गेले. रिटायर झाले त्याच महिन्यात घरमालकाने भाडं असं काही वाढवलं की मी म्हटलं, "तुझं घर तुलाच लखलाभ," आणि सामान गाडीत भरून निघाले. तेव्हापासून मी एकटी फिरते आणि लोकांची घरं सांभाळते. ते सुट्टीवर जातात, दवाखान्यात जातात, लेकीच्या बाळंतपणाला जातात. मी त्यांच्या पलंगावर झोपते, त्यांच्या जनावरांना खाऊ घालते. ते मला पगार देत नाहीत, मी त्यांना भाडं देत नाही. पाच वर्षांत त्रेपन्न घरं झाली. होबार्टला शिव्या देणारा पोपट सांभाळला, फ्रीमँटलला आंधळी मांजर सांभाळली. एकदा तर अजगरही होता, आणि त्याच्याइतकं गुणी जनावर मी पाहिलेलं नाही. महिन्यातून एकदा जेवायचा आणि काही म्हणायचा नाही.

या कामात एकच गोष्ट महत्त्वाची. मालक परत आले की वेबसाइटवर तुमच्याबद्दल चार ओळी लिहितात, आणि त्या ओळी वाचून पुढचा माणूस तुमच्या हातात किल्ली देतो. माझ्या त्रेपन्न शेऱ्यांमध्ये एक वाकडा शब्द नव्हता. कुणाचं जनावर मेलं नव्हतं, हरवलं नव्हतं. एक सोनमासा गेला होता, पण तो मी पोचले तेव्हाच उलटा पोहत होता आणि मालकांनी तसं मोठ्या मनाने लिहिलंही. मला या शेऱ्यांचा गर्व होता. तो मी लपवतही नसे.

मार्चमध्ये मी मुलाबिनला आले. साउथ ऑस्ट्रेलियातलं गव्हाच्या पट्ट्यातलं हे गाव, आणि गावाबाहेर सहा किलोमीटरवर नोलाचं शेत. नोला शहात्तर वर्षांची, बोलायला फटकळ. गुडघा बदलून घ्यायला ती ॲडलेडला चालली होती, पाच आठवड्यांसाठी. तिचा नवरा रेग चार वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर तिने मेंढ्या विकल्या, पण मेंढ्या वळणारा कुत्रा ठेवला. त्याचं नाव स्पॅनर. तेरा वर्षांचा, तांबूस रंगाचा, तोंडावर पांढरे केस आलेला.

नोलाने माझ्यापुढे तीन पानं टाकली. "सूचना आहेत. वाच. वाचून झाल्या की परत वाच."

मी वाचायला लागले. पहिलीच सूचना अशी होती: "सकाळी सात आणि संध्याकाळी सात, हृदयाची गोळी, चीजच्या तुकड्यात घालून. एक चुकली तर छातीत पाणी धरतं. दोन चुकल्या तर मला फोन करू नकोस, लिंबाखाली खड्डा खण."

"हे जरा जास्तच होतंय, नोला," मी म्हटलं.

"खड्डा खणायला लागतो तेव्हा जास्त होतं," ती म्हणाली. "पुढे वाच."

पुढे असं होतं की स्पॅनरला रोज सकाळी पिकअपच्या हौद्यात बसवून गावात न्यायचं. आपण अजून कामावर जातो अशी त्याची समजूत होती आणि ती मोडायची नव्हती. बांधायची गरज नाही, मागचं फळकूट खाली पाडल्याशिवाय तो उतरत नाही. आणि शेवटी, अधोरेखित करून: "रोज संध्याकाळी पाच वाजता फोटो. कुत्र्याचा. तुझा नको."

पहिले बारा दिवस सुखात गेले. सकाळी आम्ही दोघं गावात जायचो. स्पॅनर हौद्यात उभा राहून दोन्ही बाजूंच्या रिकाम्या कुरणांची पाहणी करायचा. मी पेपर घ्यायचे, वूला नावाच्या म्हातारीच्या दुकानात कॉफी प्यायचे, परत यायचे. दुपारी कोंबड्या आणि वाचन. पाच वाजता पश्चिमेच्या व्हरांड्यात मी चहाचा कप घेऊन बसायचे, स्पॅनर पायाशी, समोरच्या तारेवर गुलाबी काकाकुव्यांचा गोंगाट. मी फोटो पाठवायचे. नोलाचं उत्तर दोन मिनिटांत यायचं आणि दोन शब्दांचं असायचं: "बरा दिसतोय." कधी कधी चार शब्दांचं: "डावा कान साफ कर." चौसष्टाव्या वर्षी माणसाला याहून जास्त काय हवं असतं, मला माहीत नाही. मला तरी नको होतं.

तेराव्या दिवशी गुरुवार होता, म्हणजे मेंढ्यांचा बाजार. गावात दीडशे किलोमीटरवरून माणसं आली होती आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना पिकअप लागले होते. सगळे पांढरे. या भागात उन्हामुळे पांढराच घेतात. कुणी लाल घेतला तर लोक विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना? मी पशुखाद्याच्या दुकानासमोर जागा मिळवली, स्पॅनरला पाय मोकळे करायला उतरवलं, आत गेले आणि कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं खांद्यावर घेऊन बाहेर आले. पोतं वीस किलोचं. मान वाकडी करून चालत होते. पहिल्या दिसलेल्या पांढऱ्या हौद्यात ते टाकलं, फळकूट पाडलं आणि स्पॅनरला म्हटलं, "चल, वर."

तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, हौद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"नखरे नकोत," मी म्हटलं. "गुडघे माझेही दुखतात."

त्याने पुढचे पाय वर ठेवले, मी मागून उचललं, फळकूट लावलं आणि कॉफी प्यायला गेले.

दहा मिनिटांनी बाहेर आले तर पिकअप जागेवर नव्हता. गाडी चोरीला गेली असंच मला पहिल्यांदा वाटलं. मग दोन गाड्या सोडून पुढे नोलाचा पिकअप दिसला. किल्ली माझ्या हातात होती आणि त्याच्या हौद्यात ना कुत्रा होता, ना पोतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कुत्र्याला कळलं होतं. त्याने मला सांगितलंही होतं. मी त्याला दटावून परक्याच्या गाडीत चढवलं होतं.

मी वूलाच्या दुकानात धावले. वूलाचा बाप ग्रीसहून आला आणि त्याने हे दुकान काढलं. वूला त्याच काउंटरमागे म्हातारी झाली. गावात कुणाला शिंक आली तरी तिला कळतं.

"कुणाचा पिकअप होता?" तिने विचारलं.

"तेच तर माहीत नाही."

"बरं, कसा होता?"

"पांढरा."

वूलाने फडकं खाली ठेवलं. "अगं बये, पांढरा! मग आता चारशे लोकांना फोन करायचा झाला."

पण केला तिने. बाजारात फोन करून लाउडस्पीकरवरून पुकारायला लावलं. पेट्रोल पंपावर सांगितलं, पोलिसाला सांगितलं. पोलीस म्हणाला, कुत्र्याला पोत्यासकट कोण पळवेल? मी बाजारात जाऊन प्रत्येक हौद्यात डोकावले. स्पॅनरसारखे चाळीसएक कुत्रे माझ्याकडे बघत होते, त्यांत स्पॅनर नव्हता. कुणी हसलं, कुणी हळहळलं, एकजण म्हणाला, "बाई, त्याला बदली हवी असेल."

मग मी उत्तरेच्या रस्त्याला लागले. बाहेर छत्तीस अंश होतं. हौद्याचा पत्रा तापला असेल, त्याला पाणी मिळालं असेल का, कुठल्या तरी अनोळखी फाट्यावर तो उतरला असेल आणि घराच्या वासाने डांबरावरून चालत निघाला असेल, हेच डोक्यात फिरत होतं. चाळीस किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला काहीतरी तांबूस पडलेलं दिसलं. गाडी थांबवली. उतरून जवळ गेले. कांगारू होता. मी त्या मेलेल्या कांगारूशेजारी उभी राहून मोठ्याने रडले. आनंदाने रडले, आणि त्याची लाजही वाटली.

चार वाजता परत वूलाकडे आले. काही खबर नव्हती. तिने न विचारता माझ्यापुढे टोस्ट ठेवला.

"पाच वाजता नोलाला फोटो जायला हवा," मी म्हटलं.

"कालचा आहे ना एखादा फोनमध्ये? तो ढकल."

"म्हणजे खोटं बोलू?"

"फोटो कुठे बोलतो? ती बाई नवा गुडघा घेऊन पडलीय. तिला आज सांगून ती काय करणार, लंगडत येणार? उद्यापर्यंत कुणीतरी आणून देईल. मग हवं तर हसत हसत सांग."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. नोलाला त्रास नको, हे खरं होतंच. पण त्रेपन्न शेऱ्यांच्या खाली चौपन्नावा काय असेल, हेही डोळ्यांसमोर दिसत होतं. "कुत्रा हरवला." दोन शब्द पुरेसे होते. मग कुणी मला किल्ली देणार नव्हतं. आणि मला तर किल्लीशिवाय दार नाही.

घरी आले. स्पॅनर आला असेल या वेड्या आशेने सगळ्या खोल्या, गोठा, पाण्याची टाकी, सगळं पाहिलं. पाच वाजता व्हरांड्यात बसले आणि आदल्या दिवशी काढलेल्यांपैकी एक फोटो पाठवला.

पाच वाजून दोन मिनिटांनी उत्तर आलं. "बरा दिसतोय."

चहा केला, प्यायला जाईना. ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. पलंगावर पडलेली म्हातारी दिवसभर त्या एका फोटोची वाट बघते आणि मी तिला शिळा फोटो दिला होता. आतापर्यंत मी फक्त वेंधळी होते, पाचनंतर खोटारडी झाले. आणि सात वाजता गोळीची वेळ होती. कुत्रा माझा असता तर गोष्ट वेगळी होती. तो तिचा होता, आणि तो हरवलाय हे तिलाच माहीत नव्हतं. शेरा गेला खड्ड्यात, असं मी मोठ्याने म्हटलं. सहाला वीस मिनिटं कमी असताना फोन लावला.

"नोला, मी ग्लेनिस. स्पॅनर हरवलाय. सकाळपासून. मीच त्याला चुकून दुसऱ्याच्या पिकअपमध्ये चढवलं. पाचचा फोटो कालचा होता. मी खोटं बोलले."

पलीकडे कुणाच्या तरी पलंगाची घंटा वाजत होती.

"झालं बोलून?" नोला म्हणाली.

"हो."

"मग आता रडू नकोस, उत्तरं दे. गाडी कुठे उभी होती?"

"पशुखाद्याच्या दुकानासमोर."

"हौद्यात काय होतं?"

"माझं पोतं."

"तुझं पोतं मला काय करायचंय! आधीपासून काय होतं?"

मी डोळे मिटले. दिवसभर मला सगळ्यांनी गाडीचा रंग विचारला होता, हे कुणीच विचारलं नव्हतं. नोलाच्या स्वतःच्या हौद्यात सतरा वस्तू पडलेल्या असतात, त्यामुळे मीही लक्ष दिलं नव्हतं. पण पोतं टाकताना ते कशावर तरी आपटलं होतं. "तार," मी म्हटलं. "तारेची भेंडोळी. लोखंडी खांब. आणि एक निळं पिंप."

"पिंपाला झाकण होतं का?"

"नाही. फळी होती वर."

"बेव्हन," नोला म्हणाली. "कुंपणं घालतो. झाकण त्याने चार वर्षांपूर्वी हरवलं, आणि अजून दुसरं घेतलेलं नाही. तो सध्या डाल्टनच्या मेंढवाड्याचं कुंपण करतोय. तिथे तंबू ठोकून राहतो, फोन लागत नाही. आज सामान न्यायला आला असेल, आता थेट रविवारी गावात येईल."

"रविवारी!"

"म्हणून तर सांगतेय, ऊठ. धान्याच्या कोठारावरून डावीकडे, मग कच्चा रस्ता, तिसरं फाटक ओलांडलंस की कुंपणाच्या कडेकडेने जा. सत्तर किलोमीटर आहे. गोळी घे. चीज घे. आणि फाटकं लावून घे, शहरातल्या माणसांसारखी उघडी टाकू नकोस."

मी गोळी घेतली, चीज घेतलं, पाण्याचा डबा घेतला. कोठारावरून डावीकडे वळले. कच्च्या रस्त्यावर धूळ अशी उडत होती की मागचं काही दिसत नव्हतं. तीन फाटकं उघडली, तीनही लावली. सात वाजायला पाच मिनिटं असताना उतरत्या उन्हात एक नवंकोरं कुंपण दिसलं, त्याच्या टोकाला पांढरा पिकअप, आणि पिकअपवर ताडपत्री बांधून केलेली सावली.

सावलीत स्पॅनर बसला होता. मला पाहून त्याने शेपटी दोनदा आपटली, जास्त नाही. समोर पाण्याने भरलेली बादली होती. पोतंही तसंच होतं.

खांबामागून एक आडदांड माणूस हातोडा घेऊन आला. "नोलाची पाहुणी का तुम्ही? मी बेव्हन."

"तुम्हाला माहीत होतं हा नोलाचा कुत्रा आहे?"

"स्पॅनरला कोण ओळखत नाही? इथे येऊन बघतो तर हौद्यात हा. म्हटलं, रेगची आठवण आली असेल, कामाला आलाय. उतरायला सांगितलं, उतरेना. सॉसेज दाखवलं, खाल्लं, पण उतरेना. शेवटी ताडपत्री बांधली. दिवसभर बसून माझी तार सरळ आहे का बघत होता." मग तो जरा ओशाळला. "आणि ते पोतं कशाला दिलंत, ते कळलं नाही. माझ्याकडे कोंबड्या नाहीत."

"त्याला गोळी लागते," मी म्हटलं. "हृदयाची. रविवारपर्यंत…"

बेव्हनचा चेहरा उतरला. "मला काय ठाऊक, बाई! मला वाटलं रविवारी नेऊन सोडू."

मी फळकूट पाडलं. स्पॅनर उठला, आळस दिला आणि उतरला. चीज खाल्लं, गोळी बाहेर थुंकली. दुसऱ्या चीजमध्ये घालून दिली, पुन्हा थुंकली. तिसऱ्या वेळी बेव्हनने त्याचं तोंड धरलं आणि मी गोळी घशात ढकलली. सात वाजून दोन मिनिटं झाली होती. मी त्याच्या मानेत तोंड खुपसून बसले. त्याला मेंढ्यांच्या लोकरीचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. माझा जीव भांड्यात पडला, आणि इतक्या जोरात पडला की बराच वेळ उठताच येईना. बेव्हन शहाणा माणूस, तो पलीकडे तोंड करून तार ताणत राहिला.

मी फोटो काढला: स्पॅनर, नवीन कुंपण, मागे लाल झालेलं आभाळ. परत निघताना स्पॅनरला पुढे माझ्याजवळ बसवलं. दुसऱ्या फाटकाजवळ एक उंचवटा आहे, तिथे फोनला रेंज आली. फोटो पाठवला. लगेच फोन वाजला.

"गोळी?" नोलाने विचारलं.

"दिली."

"छाती वाजतेय का?"

मी फोन त्याच्या बरगड्यांना लावला. ती ऐकत राहिली. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि तिने खोकल्याचं सोंग केलं.

"नोला, मला माफ कर. कुत्र्याबद्दल, आणि फोटोबद्दल तर जास्तच."

"पाचचा फोटो सकाळी काढलेला होता," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"त्या व्हरांड्यात पाच वाजता ऊन समोरून येतं. तो डोळे बारीक करतो. तुझ्या फोटोत डोळे टक्क उघडे होते. पन्नास वर्षं बसलेय मी तिथे."

"मग 'बरा दिसतोय' असं का लिहिलंस?"

"काहीतरी बिनसलंय हे मला कळलं होतं. तुला सांगावंसं वाटतंय का, ते बघायचं होतं. सहापर्यंत थांबायचं ठरवलं होतं. वीस मिनिटं राहिली असताना तुझा फोन आला, आणि मी इथे या नर्सचा हात इतका घट्ट धरला होता की ती बिचारी ओरडली."

"आणि सहा वाजले असते तर?"

"तर मी वूलाला फोन केला असता, तिने मला सगळं सांगितलं असतं, कुत्रा सापडला असता आणि तू आज रात्री तुझ्या गाडीत झोपली असतीस. कायमची."

स्पॅनर माझ्या पायावर बसला होता आणि त्याचा सगळा भार माझ्या पायावर होता.

"जे झालं ते सगळं लिही शेऱ्यात," मी शेवटी म्हटलं. "मी तक्रार करणार नाही."

"लिहिणारच आहे. वेंधळी आहे, आंधळी आहे, दुसऱ्यांच्या गाड्या भरून देते, सगळं लिहिणार. लोकांना कळायला हवं." मग ती जरा थांबली. "दुसरा गुडघा सप्टेंबरात आहे. नऊ तारखेला. त्या आधी दोन दिवस ये. लिहून घे, नाहीतर विसरशील."

पेन नव्हतं. मी उतरले आणि पिकअपच्या बॉनेटवर साचलेल्या धुळीत बोटाने सात सप्टेंबर असं मोठं लिहिलं, आणि घर येईपर्यंत गाडी हळू चालवली, तारीख उडून जाऊ नये म्हणून.